फाटकावरची झडती

माझे वडील लोकांचे खिसे चाचपत आणि डबे उघडून बघत. तीच त्यांची नोकरी होती. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे इंजिनाचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती, तिच्या फाटकावर अण्णा वॉचमन होते. पाळी सुटली की कामगार रांगेनं येत, हात वर करत, अण्णा काखेपासून पोटरीपर्यंत हात फिरवत, डब्याचं झाकण उचलून आत नजर टाकत आणि "चला" म्हणत. कधी पितळेचा बुश सापडे, कधी ड्रिलचं बिट. ज्याच्याकडे सापडलं त्याच्या तोंडाकडे अण्णा बघत नसत, असं त्यांच्या बरोबरचे एक काका सांगायचे. घरी मात्र ते या नोकरीबद्दल अवाक्षर काढत नसत. खेडच्या बाजूच्या गावातून ते नोकरी शोधत आले तेव्हा अंगकाठी आणि मिशा बघून त्यांना फाटकावर उभं केलं, मशीनवर घेतलं नाही, ही सल त्यांच्या मनात असावी. आमच्या चाळीत सगळे फिटर, टर्नर, वेल्डर. त्यांच्या बायका नळावर आईशी बोलायच्या, पण जरा हातचं राखून. वॉचमन म्हणजे मालकाचा माणूस, असंच सगळे धरून चालायचे.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अण्णांची खाट आणि खुंटीवर त्यांचा खाकी गणवेश, मागच्या खोलीत आईचं राज्य. सकाळी स्टोव्हला पिन मारल्याचा, मग पंपाचा आवाज यायचा, आणि निळी ज्योत फरफरायला लागली की मी उठायचे. आई हुलग्याची शेंगोळी करायची, भरपूर लसूण घालून, आणि उरलेली माझ्या डब्यात द्यायची. तो वास दप्तराला, वह्यांना, माझ्या वेण्यांनासुद्धा लागलेला असायचा. घरात घड्याळ होतं, पण आमचा दिवस चालायचा कारखान्यांच्या भोंग्यांवर. एकाचा आवाज जाडा, दुसऱ्याचा किनरा, तिसरा सुरू होताना आधी खोकल्यासारखा अडखळायचा. त्या वर्षी अण्णांच्या कंपनीत संप झाला आणि तो जाडा भोंगा बंद पडला. त्याच्या वेळेला आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा. काहीतरी व्हायचं राहिलंय असं दिवसभर वाटत राहायचं. मी नववीत होते, आणि ते सगळं वर्ष मला एका जागी धड बसता आलं नाही, एवढं पक्कं आठवतं.

आधी सगळेच कामगार बाहेर होते. मग युनियन फुटली. निम्मे लोक पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर जायला लागले आणि निम्मे संपाच्या मंडपात बसून राहिले. चाळीत एकमेकांच्या घरी वाटीभर साखर मागायला जाणारी माणसं तोंड फिरवून जिना उतरू लागली. हे शाळेत यायला वेळ लागला नाही. मधल्या सुट्टीत कबड्डीचे संघ पडायचे ते बाप आत आहे की बाहेर यावरून. आणि हत्यारांची आमच्या भागात वाण नव्हती. प्रत्येक घरात बापाच्या पेटीत करवतीची पाती, कानशी, पटाशा पडलेल्या असायच्या. एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळ दहावीतल्या एका मुलानं दुसऱ्याच्या मांडीवर वार केला. करवतीच्या पात्याला धार लावून, त्याला फडकं गुंडाळून तो चाकू केलेला होता. मी तेव्हा पाण्याच्या रांगेतच होते. ज्याला लागलं तो ओरडला नाही. तो नळ बंद करायला वाकला, आणि मग खाली बसला.

शाळा दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी हेडसरांनी पालकांची सभा बोलावली. हेडसर म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा, आवाज न चढवता बोलणारा गृहस्थ. त्यांनी मागचं दार विटांनी बुजवून घेतलं. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड दप्तरात आणायला बंदी आली. प्रत्येक वर्गात बाईंच्या टेबलावर दोरीला बांधलेलं एकच ब्लेड, तिथेच उभं राहून टोक करायचं. कंपासपेटीतल्या कर्कटकावर शिक्षकांमध्ये बराच वाद झाला म्हणे. भूमितीच्या सरांनी नोकरी सोडायची भाषा केली तेव्हा कुठे कर्कटक वाचलं. आणि शेवटचं ठरलं ते असं, की सकाळी शाळा भरताना आणि जेवणाची सुट्टी संपताना फाटकावर प्रत्येकाच्या दप्तराची झडती होईल. कंपनीच्या फाटकावर पोलीस बसलेले होते, तिथे वॉचमनला काम कमी होतं. हेडसरांनी कंपनीच्या साहेबांना भेटून एक अनुभवी माणूस मागून घेतला. तो माणूस म्हणजे अण्णा. दुपारपर्यंत शाळा, आणि तीनला कंपनीतली दुसरी पाळी.

माझी नात आज तळवड्याच्या बाजूला एका मोठ्या शाळेत जाते. तिथे दाराशी यंत्राची चौकट आहे, गळ्यातलं कार्ड दाखवावं लागतं, चारी कोपऱ्यांत कॅमेरे आहेत. नातीला त्याचं काहीच वाटत नाही; ती च्युइंगम चघळत त्या चौकटीतून जाते. मी तिला सोडायला जाते तेव्हा मात्र दाराशी कुणी न सांगताच माझी पिशवी उघडून धरते.

पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेभोवती कुंपण, समोर रांग, आणि रांगेच्या तोंडाशी खाकी कपड्यांतले माझे वडील. "दप्तर उघड. कंपास काढ. डबा." एवढेच चारपाच शब्द ते तिथे बोलत. दप्तराचा तळ ते बोटांनी दाबून बघत, वह्यांची पाठ चाचपत, पुठ्ठ्याच्या आतही काही लपवलंय का ते बघत. सापडलेल्या वस्तूंसाठी हेडसरांनी एक लांबडी वही दिली होती: नाव, इयत्ता, वस्तू. पहिल्या आठवड्यात ब्लेडं, बेचक्या, पेरू कापायची सुरी आणि सायकलच्या चेनचा हातभर तुकडा निघाला. डबे उघडताना निघालं ते मात्र त्या वहीत लिहिलं गेलं नाही. संप लांबला होता. एक दिवस सातवीतल्या एका मुलीनं डबा पुढे केला, अण्णांनी झाकण उचललं, आणि डबा रिकामा होता. धुऊन, पुसून, झाकण लावून आणलेला. मी तिच्या मागे दोन मुली सोडून उभी होते. अण्णांनी झाकण परत लावलं, नीट दाबून, आणि "जा बाळा" म्हणाले. त्या दिवसापासून ते डबा उघडायच्या ऐवजी नुसता कानाशी धरून हलवायला लागले. रांगेतल्या बाकीच्यांना दिसू नये म्हणून असावं.

माझं दप्तर मात्र ते उघडत नसत. मी समोर आले की मान हलवून "जा" म्हणत. ते त्यांना उघडायला लाज वाटायची की गरज वाटत नव्हती, मला ठाऊक नाही. मला मात्र त्यात बरं वाटायचं. हे माझ्याशिवाय आणखी एकीच्या ध्यानात आलं होतं. शकू माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील टर्नर, फुटून आत कामावर गेलेले. तिचा भाऊ विलास दहावीत होता. उंच, जरा पोक काढून चालणारा, गणितात हुशार. फुटिराचा मुलगा म्हणून संपावर बसलेल्यांच्या मुलांनी त्याच्यावर डूख धरला होता. शाळेत कुणाची हिंमत नव्हती, अण्णा होते. पण शाळा साडेपाचला सुटायची, आणि शाळेपासून रेल्वे फाटकापर्यंत झुडपांतून जाणारा रस्ता कुणाच्याच हद्दीत नव्हता.

एका सकाळी शकू मला चाळीच्या जिन्याखाली भेटली. तिच्या हातात जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मंदे, हे तुझ्या दप्तरात ने. आत गेलं की मला दे."

"काय आहे?"

"विलासचं आहे. तू विचारू नको."

मी फडकं उलगडलं. कानस होती. दाते ग्राइंडरवर घासून काढलेले, टोक सुईसारखं, आणि मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. कुणीतरी मन लावून केलेलं काम होतं.

"शके, हे मी नाही नेणार."

"तुझं दप्तर उघडत नाहीत ते. मी पाहिलंय." तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. "तो मारणार नाही ग कुणाला. काल त्यांनी निरोप पाठवलाय, आज सुटल्यावर रेल्वे फाटकाशी बघतो म्हणून. नुसतं दाखवलं तरी मागे सरतील. तू नाही नेलंस तर त्याचं काय होईल सांग."

मी नेलं. का नेलं याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. मैत्रीसाठी, असं सांगायला सोपं आहे. पण त्यात थोडा रागही होता, त्या फाटकाचा, त्या खाकी कपड्यांचा, चाळीनं आमच्यापासून राखलेल्या अंतराचा. एक दिवस तरी मी कुणाच्या तरी बाजूची होणार होते. अण्णांच्या समोर आले तेव्हा त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. "जा." मी आत गेले आणि पायऱ्यांवरच मला घाम फुटला.

पहिल्या तासाला शकूनं हात पुढे केला. मी म्हटलं, सुट्टीत देते. दुसऱ्या तासाला इतिहास होता. दप्तर मांडीवर घेऊन बसले होते आणि त्या टोकाची जाणीव कापडातून माझ्या मांडीला होत होती, की तसं मला वाटत होतं. टाकीजवळचा तो मुलगा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. नळ बंद करायला वाकलेला. तो विलास झाला, मग दुसराच कुणी झाला. तिसऱ्या तासाला बाईंनी मला उभं करून काहीतरी विचारलं आणि मला प्रश्नच ऐकू आला नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा शकू बाकाला अडून उभी राहिली. "दे आता." मी तिला बाजूला सारून निघाले. ती मागून "मंदे, मंदे" करत येत होती. मी मैदान ओलांडून थेट फाटकाशी गेले आणि ते फडकं अण्णांच्या टेबलावर ठेवलं.

अण्णांनी ते उलगडलं. अंगठा त्या टोकावर ठेवून लगेच काढला. "कवा आणलंस?"

"सकाळी."

"माझ्या म्होरून?"

मी मान डोलावली. शकू केव्हाच गर्दीत मिसळली होती. अण्णांनी मला पुढे घातलं आणि हेडसरांच्या खोलीत नेलं. हेडसरांनी कानस बघितली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाची आहे ही? नाव सांग, बाकी आपण इथेच मिटवू." मी बोलले नाही. त्यांनी तीनदा विचारलं. मग ते अण्णांकडे वळले. "एकनाथराव, तुमची मुलगी आहे. तिनं आपण होऊन आणून दिलंय. वहीत कशाला लिहिता?"

"न्हाई सायेब," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याचं पोर असतं तर लिवलं असतं." आणि त्यांनी तिथेच, हेडसरांच्या टेबलावर, त्या लांबड्या वहीत माझं नाव लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आणि संथ. माझ्या नावापुढे त्यांचं स्वतःचं नाव आलं तेव्हा पेन क्षणभर थांबलं, मग पुढे गेलं. मला आठ दिवस शाळेत न येण्याची शिक्षा झाली. अण्णा तीनच्या पाळीला निघून गेले. मला घरी जायला तोंड नव्हतं, मी पाच वाजून जाईपर्यंत देवळात बसून राहिले.

घरी आई दाणे भाजत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, कढई उतरवली आणि म्हणाली, "कुणाचं का असंना. पर त्याला असलं हत्यार लागतंय कशापायी?" हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. कुणाचं, केव्हा, कसं, एवढंच सगळे विचारत होते. मी धडाधड सगळं सांगून टाकलं: विलास, निरोप, रेल्वे फाटक. आईनं बाहेर ऊन कुठवर आलं ते बघितलं, पदर खोचला आणि तशीच चपला न घालता शकूच्या घराकडे धावली. शकूची आई घरीच होती. दोघी मिळून रस्त्याला लागल्या. पण साडेपाच होऊन गेले होते. झुडपांपाशी चार मुलांनी विलासला सायकलच्या चेननं मारलं होतं. डावा हात दोन ठिकाणी मोडला होता आणि भुवईपासून कानापर्यंत कातडी सुटली होती. आईच्या लुगड्याला रक्त लागलं होतं, ते तिनं तीन पाण्यांत धुतलं.

कानस त्याच्याजवळ असती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. तो वाचला असता, किंवा त्या चौघांपैकी एखादा मेला असता आणि विलास तुरुंगात गेला असता. ती अण्णांना दिल्याचा मला आजही पस्तावा नाही. पस्तावा आहे तो हेडसरांच्या खोलीत गप्प बसण्याचा. मैत्रिणीचं नाव घ्यायचं नाही, एवढीच मला तेव्हा इमानदारी कळत होती. पण नाव न घेता भीती तर सांगता आली असती. दुपारी दीडला मी तोंड उघडलं असतं तर साडेपाचपर्यंत चार मोठी माणसं त्या रस्त्यावर उभी राहिली असती. हे मी शकूला पुढे कधीतरी सांगायला हवं होतं, पण ती वेळ आलीच नाही.

आठ दिवसांनी मी शाळेत गेले. रांगेत माझ्या पुढच्या मागच्या मुलींनी अंतर ठेवलं होतं. "दप्तर उघड," अण्णा म्हणाले. त्यांनी एकेक वही काढली, झटकली, पाठ चाचपली. कंपासपेटी उघडली. डबा कानाशी धरून हलवला. दप्तर उलटं करून तळ बोटांनी दाबला. सगळं परत भरायला त्यांनी मला मदत केली नाही, कारण ते कुणालाच करत नसत. "जा," म्हणाले. मी पायऱ्या चढताना रडले, पण त्यात दुःखच होतं असं मला म्हणता येणार नाही. शकू बाक बदलून खिडकीशी बसली होती.

विलास दीड महिन्यानं आला. हात प्लास्टरमध्ये, भुवईपासून कानापर्यंत जांभळा व्रण. त्याचं दप्तर शकूनं धरलं होतं. फाटकाशी आल्यावर तिनं ते टेबलावर ठेवून स्वतःच उघडलं आणि अण्णांकडे न बघता उभी राहिली. अण्णांनी आत हात घातला, नेहमीप्रमाणे तळ दाबला, वह्या चाचपल्या. मी तिसरी उभी होते.

"काका," विलास म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "इथं तुम्ही असता. सुटल्यावर तिकडं कोण असतं?"

अण्णांचा हात दप्तरातच राहिला. "कोन न्हाई," ते म्हणाले.

दुपारी कामावर जाण्याआधी ते हेडसरांकडे गेले. काय बोलणं झालं ते मला हेडसरांच्याच तोंडून पुष्कळ वर्षांनी कळलं. झडती शाळेच्या शिपायालाही घेता येईल, अण्णा म्हणाले, मला ते शिकवता येईल त्याला. मी पहिली पाळी मागून घेतो, तीनला सुटतो, मग मला रस्त्यावर उभं राहू द्या. हेडसरांनी नाराजीनं होकार दिला. कंपनीतल्या साहेबांना ते पटलं नाही, पण पाळी बदलून मिळाली. पुढच्या सोमवारी शाळा सुटली तेव्हा झुडपांपाशी अण्णा उभे होते, खाकी कपडे काढून, धोतर सदऱ्यात. पहिल्यांदाच मला ते गावाकडच्या माणसासारखे दिसले.

चार दिवस ते एकटेच होते. पाचव्या दिवशी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वे फाटकाशी, शकूचे वडील येऊन थांबले. नंतर मंडपातले दोघे आले, बाहेरचे. त्यातल्या एकाचा मुलगा त्या चौघांत होता असं चाळीत बोललं जायचं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तोंडं वेगवेगळ्या दिशांना करून, हात मागे बांधून सगळे अंतराअंतरावर उभे राहायचे, आणि शेवटचं पोर पुढे गेलं की आपापल्या वाटेनं निघून जायचे. संप मिटेपर्यंत आणि मिटल्यावरही, ते वर्ष संपेपर्यंत हे चाललं. शाळेत झडती चालूच होती. वहीत नावं पडायची कमी झाली.

मी त्या रस्त्यानं रोज घरी जायचे. शकू आणि विलास माझ्या वीसेक पावलं पुढे असायचे. विलासला एका हातानं तोल सांभाळत चालावं लागे, म्हणून ती त्याच्या डाव्या अंगाला चालायची. पहिले कित्येक दिवस ती मला मागे बघून झपझप पुढे निघायची, आणि त्यालाही ओढायची. मग एका संध्याकाळी मी अण्णांना ओलांडून पुढे गेले, माझ्या चपलांचा आवाज तिला ऐकू गेला असणार. ती मागे वळली नाही. पण तिनं चालही वाढवली नाही.